गल्लीचा रस्ता महापालिकेसोबत नव्याने आखायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पुण्यातल्या निवासी गल्ल्यांमधून आलेले आहेत. पेठा, कोथरूड, सहकारनगर, औंध, वानवडी, कुठल्याही भागातल्या बैठकीला गेलात तरी निम्मे प्रश्न हेच असतात. नाशिक, कोल्हापूर, ठाण्याच्या वाचकांनाही बहुतेक उत्तरं लागू पडतील, कारण या महापालिका पुण्यासारख्याच १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली चालतात. मुंबईचा कायदा वेगळा आहे, १८८८ चा. तिथे खात्यांची नावं बदलतात, भांडणं तीच असतात.

रस्ता नव्याने आखायचा म्हणजे काय? डांबर टाकायचं ना?

नाही. डांबर टाकणं म्हणजे आहे तोच रस्ता पुन्हा काळा करणं. आखणी म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जी जागा आहे, ती कुणाला किती द्यायची हे ठरवणं. चालणाऱ्याला किती, उभ्या मोटारींना किती, झाडाला किती, भाजीच्या गाडीला किती, पावसाच्या पाण्याला कुठून वाट द्यायची. ही वाटणी आजही झालेली आहेच, फक्त ती कुणी बसून ठरवलेली नाही. ज्याने आधी गाडी लावली त्याची जागा, असा तो हिशोब आहे.

हे काम महापालिकेचं आहे. त्यांच्याकडे अभियंते आहेत, सल्लागार आहेत. आम्ही कशाला डोकं घालायचं?

कारण सल्लागार तुमच्या गल्लीत मंगळवारी सकाळी अकराला येतो. त्या वेळी शाळेची व्हॅन नसते, दूधवाला येऊन गेलेला असतो, संध्याकाळच्या पाणीपुरीच्या गाडीचा पत्ता नसतो आणि पावसाळाही नसतो. जोशींच्या फाटकासमोर गुडघाभर पाणी साठतं हे त्याला नकाशावर दिसत नाही. ते तुम्हाला माहीत आहे.

दुसरं कारण जास्त व्यवहारी आहे. महापालिकेत कुठल्याही कामाचं एक पूर्वगणनपत्रक बनतं, ज्याला सगळे एस्टिमेटच म्हणतात. त्यात लिहिलं असेल तेवढंच काम होतं. ब्लॉक किती चौरस मीटर, कर्ब, म्हणजे फुटपाथच्या कडेचा दगड, किती रनिंग मीटर, चेंबर किती उचलायचे. एस्टिमेट मंजूर होऊन निविदा निघाली की तुमची सूचना कितीही शहाणी असली तरी तिची गणना तक्रारीत होते. म्हणून सगळा जोर त्याच्या आधी लावायचा. या पानावरची बाकीची उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

ही कल्पना आली कुठून? परदेशी फॅड आहे का?

परदेशातली आहे खरी, पण फॅड नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात रहिवासी आणि पालिकेचे अभियंते यांनी मिळून काही निवासी रस्ते बदलले. सरळ रस्त्याला वळणं दिली, मध्ये झाडं आणि बाक आणले, फुटपाथ आणि रस्ता एका पातळीवर घेतला. अशा रस्त्यांना तिथे वोनएर्फ म्हणतात. १९७६ मध्ये डच सरकारने त्यांना कायद्यात जागा दिली. अशा गल्लीत माणूस रस्त्याच्या पूर्ण रुंदीत चालू शकतो, मुलं खेळू शकतात, मोटारीने माणसाच्या चालीने जायचं आणि आखलेल्या जागेतच थांबायचं.

यामागे राग होता. १९७१ या एका वर्षात त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले. आज डच लोक सायकलवरून ऐटीत जाताना दिसतात तेव्हा 'त्यांची संस्कृतीच तशी' म्हणून आपण विषय संपवतो. ती त्यांनी भांडून मिळवली आहे.

आपल्याकडेही गल्ली आणि महापालिका यांची भागीदारी नवी नाही. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९० च्या दशकात कचऱ्यावर काम सुरू केलं, त्यातून बृहन्मुंबई महापालिकेची एएलएम योजना उभी राहिली, म्हणजे गल्लीतल्या रहिवाशांनी पालिकेसोबत आपला परिसर सांभाळायचा. पुण्याने २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात हे १९८९ पासून चालू होतं.

पुण्यात यासाठी काही अधिकृत धोरण आहे का, की सगळं साहेबांच्या मर्जीवर?

आहे. २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारलं आणि त्याच काळात रस्ते कसे आखावेत याची मार्गदर्शक तत्त्वंही तयार केली. देशपातळीवर इंडियन रोड्स काँग्रेसची, म्हणजे आयआरसीची, मानकं आहेत. पादचारी सुविधांसाठीचं मानक म्हणजे आयआरसी १०३. बैठकीला जाताना या तिन्हींची संबंधित पानं छापून न्या. "आम्हाला रुंद फुटपाथ हवा" म्हटलं की ती मागणी ठरते. "आयआरसी १०३ प्रमाणे चालायला १.८ मीटर मोकळी जागा लागते, तुमच्या नकाशात १.२ दिसते" म्हटलं की कनिष्ठ अभियंत्याला उत्तर द्यावं लागतं.

धोरण कागदावर चांगलं आहे. अंमलबजावणी मोठ्या रस्त्यांवर दिसते, जंगली महाराज रस्त्यावर फिरून आलात तर रुंद फुटपाथ म्हणजे काय ते कळेल. गल्ल्यांपर्यंत ते आपोआप उतरत नाही.

नक्की कुणाकडे जायचं?

सुरुवात क्षेत्रीय कार्यालयापासून. पुण्यात अशी पंधरा आहेत. तिथले सहायक आयुक्त प्रमुख असतात, पण तुमचा रोजचा माणूस म्हणजे कनिष्ठ अभियंता, म्हणजे जेई. तो गल्लीत आला, चालला, त्याने स्वतः माप घेतलं की अर्धं काम झालं. मोठा रस्ता असेल तर मुख्य इमारतीतल्या पथ विभागाकडे जावं लागतं. ड्रेनेज, पाणीपुरवठा, विद्युत आणि उद्यान ही खाती वेगळी. महावितरण आणि गॅसवाले तर महापालिकेतलेच नाहीत. वाहनांची दिशा, पार्किंगची मनाई, एकेरी वाहतूक हे पोलिसांच्या वाहतूक शाखेशिवाय होत नाही.

क्षेत्रीय कार्यालयात दर महिन्याला मोहल्ला कमिटीची बैठक असते. तिथे ही सगळी खाती एका खोलीत सापडण्याची शक्यता असते. सापडतीलच असं नाही.

नगरसेवक लागतो का?

लागतोच असं नाही. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर जवळजवळ चार वर्षं पुण्यात नगरसेवक नव्हते, प्रशासकाचा कारभार होता, तरी कामं झाली. पण नगरसेवक असेल आणि सोबत असेल तर फाईल हलते, आणि त्यांच्या 'स' यादीतून, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या अंदाजपत्रकातल्या यादीतून, पैसेही मिळू शकतात. एका प्रभागात चार जण असल्यामुळे एकाकडे गेलात की दुसरा रुसतो, म्हणून पत्र चौघांनाही एकाच दिवशी द्यावं. फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा, यात पडू नका.

रस्ता महापालिकेचाच आहे हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न आधी सोडवा, नाहीतर सहा महिन्यांनी "हा खासगी रस्ता आहे" एवढं एक वाक्य येतं आणि सगळं मुसळ केरात. जुन्या लेआउटमधले कित्येक अंतर्गत रस्ते कधी महापालिकेकडे वर्गच झालेले नसतात. दिवे महापालिकेचे, झाडलोट महापालिकेची, पण मालकी मूळ जमीनमालकाची किंवा सोसायट्यांची. विकास आराखड्याचा भाग, मंजूर लेआउट, मिळकत पत्रिका किंवा सातबारा पाहा. क्षेत्रीय कार्यालयात रस्त्यांची यादी असते, तिच्यात नाव आहे का विचारा. नसेल तर रस्ता हस्तांतरित करण्याचा अर्ज हे तुमचं पहिलं काम.

पैसे कुठून येणार?

चार वाटा आहेत. पथ विभागाची किंवा क्षेत्रीय कार्यालयाची नेहमीची तरतूद, नगरसेवकांची यादी, आमदार-खासदार निधी, आणि नागरिकांच्या सूचनांचं अंदाजपत्रक. शेवटच्या वाटेत दरवर्षी साधारण पावसाळ्याच्या शेवटाकडे अर्ज मागवतात. रक्कम छोटी असते, सुरुवातीला एका कामाला ५ लाखांची मर्यादा होती. त्यात आख्खी गल्ली होत नाही. पण चौकातला कोपरा, दोन रॅम्प, काही दिवे आणि बाक होतात. ते नीट झालं की मोठ्या कामाची मागणी करताना दाखवायला काहीतरी असतं.

लोकवर्गणी काढून काम करावं का? रंग, कुंड्या, बाक, इथपर्यंत ठीक. फरसबंदी आणि कर्बला स्वतः हात लावू नका. उद्या कुणी पडलं तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न उभा राहतो.

वर्षात कधी सुरुवात करावी?

गणपतीच्या आधी पहिली बैठक, दिवाळीच्या आत मोजणी आणि कच्चा आराखडा. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक नव्या वर्षाच्या सुरुवातीला मांडलं जातं, खात्यांच्या मागण्या त्याआधी गेलेल्या असतात. फेब्रुवारीत जागे झालात तर मार्चअखेर उरलेला निधी संपवायच्या घाईत तुमच्या गल्लीत कुणालाही नको असलेले लाल-पिवळे ब्लॉक बसतील. मे महिन्यात रस्ता उकरू नये, कारण पावसाळ्याआधी खोदाई थांबते आणि उकरलेलं तसंच राहतं. मध्ये आचारसंहिता आली तर नवे कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचे आदेश, थांबतात, ते धरून चाला.

पहिली बैठक कुठे घ्यावी?

रस्त्यावर. सोसायटीच्या कार्यालयात घेतलीत तर फक्त सभासद येतात, त्यातही फ्लॅटचे मालक, त्यातही निवृत्त पुरुष. भाडेकरू येत नाहीत, घरकामाला येणाऱ्या मावशी येत नाहीत, इस्त्रीवाला येत नाही. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ज्या ताई कोपऱ्यावर ओला-सुका कचरा वेगळा करतात, त्यांना कुणी बोलावत नाही. गल्लीत सगळ्यांत जास्त वेळ पायी असणारी माणसं नेमकी हीच. रविवारी संध्याकाळी कोपऱ्यावर चार खुर्च्या टाका, भिंतीला गल्लीचा मोठा नकाशा चिकटवा आणि लोकांना स्केचपेन द्या. भाषण करू नका. "तुम्ही कुठे घसरलात?" एवढं विचारलंत तरी नकाशा तासाभरात लाल होतो.

मुलांना वेगळं विचारा. मोठी माणसं पार्किंगबद्दल बोलतात, मुलं कुत्र्यांबद्दल आणि बंद पडलेल्या दिव्याबद्दल बोलतात.

मोजणी आम्ही करायची? आम्हाला कुठे जमणार?

तीस मीटरचा टेप, खडू, वही आणि तीन माणसं. एवढंच लागतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, निदान पाच-सहा ठिकाणी माप घ्या. कागदावर ९ मीटर असलेली गल्ली एका ठिकाणी ८.४ भरते, दुसऱ्या ठिकाणी ९.३, कारण कुणाची बाग कुंपणाबाहेर आली आहे आणि कुणाच्या फाटकाचा रॅम्प थेट रस्त्यात उतरला आहे.

रॅम्पकडे विशेष लक्ष द्या. पुण्यातल्या गल्लीतल्या फुटपाथवर कुणी चालत नाही याचं मुख्य कारण अतिक्रमण नसतं, रॅम्प असतो. प्रत्येक फाटकापाशी फुटपाथ खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. शंभर मीटरमध्ये दहा फाटकं असतील तर म्हातारं माणूस दहा वेळा उतरणार आणि दहा वेळा चढणार. त्यापेक्षा ते सरळ रस्त्यातून चालतं. यावर उपाय नकाशात सोपा आहे. फुटपाथ सलग एकाच पातळीत ठेवायचा आणि गाडीने त्यावर चढून आत जायचं, म्हणजे चढउतार गाडीच्या वाट्याला. त्यासाठी फुटपाथ मुळात बुटका हवा. मानक सांगतं की त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी ती फूटभर असते, कारण उंच केला की दुचाकी चढणार नाही अशी समजूत आहे. दुचाकी तरी चढते. आजी चढत नाहीत.

मोजताना हेही नोंदवा: विजेचे खांब, फिडर पिलर म्हणजे वीजवाटपाचे डबे, टेलिफोनचे मेलेले डबे, झाकणं, नळाचे व्हॉल्व्ह, झाडं, त्यांच्या बुंध्याचा घेर. प्रत्येकाचं भिंतीपासूनचं अंतर लिहा. जेईच्या टेबलावर ही वही ठेवलीत की तो तुम्हाला वेगळ्या नजरेने पाहतो.

९ मीटरच्या गल्लीत बसतं तरी काय?

हिशोब करून पाहू. दोन्ही बाजूंना १.८ मीटरचे फुटपाथ धरले तर ३.६ गेले, उरले ५.४. त्यात एका बाजूला मोटारींची एक रांग, २ मीटर. उरले ३.४. एक गाडी आरामात जाते, समोरासमोर दोन जात नाहीत.

इथून पुढे गल्लीगणिक उत्तर बदलतं. रस्ता एकेरी करायचा, किंवा दुहेरीच ठेवून फाटकांसमोर पार्किंग तोडायचं म्हणजे तिथे समोरची गाडी थांबू शकते. दोन मिनिटांतून एखादीच गाडी येत असेल तर हे सहज चालतं. किंवा फुटपाथ एकाच बाजूला, पण खरा. किंवा फुटपाथच नको, सगळी गल्ली एका पातळीत आणि गाड्यांचा वेग मुळातच कमी. डेल्फ्टची पद्धत हीच. पेठांमधल्या ५-६ मीटरच्या बोळांना माझ्या मते हाच मार्ग आहे, कारण तिथे फूटभर रुंदीचा फुटपाथ बांधून फक्त पडायला जागा तयार होते.

एक गोष्ट मात्र सगळीकडे लागू आहे. १.८ मीटर म्हणजे मोकळे १.८. मध्ये खांब आला की ते १.८ नाहीत. म्हणून झाडं, खांब, डबे, बाक हे सगळं मोटारींच्या रांगेच्या पट्ट्यात घ्या. दोन गाड्या, मग एक झाड, मग दोन गाड्या. चालायचा पट्टा मोकळा राहतो आणि गाड्यांवर सावली पडते. पार्किंगवाल्यांना पटवायला सावलीचा मुद्दा फार उपयोगी पडतो.

म्हणजे आमचं पार्किंग जाणार?

थोडं जाईल. खोटं सांगून बैठक जिंकू नका, ती पुढच्या बैठकीत हरता.

पण आधी मोजा. रात्री अकराला एकदा, दुपारी तीनला एकदा आणि रविवारी सकाळी एकदा, गल्लीत किती गाड्या उभ्या आहेत, त्यातल्या कितींच्या मालकांना इमारतीत जागा आहे, किती गाड्या हललेल्याच नाहीत. टायरखाली पाला साठलेली, धूळ खात पडलेली एखादी गाडी प्रत्येक गल्लीत असते. कुणाची आहे विचारलं की सगळे वर बघतात. आणि इमारतीतल्या स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्यात, गाड्यांऐवजी कुणाचं तरी जुनं फर्निचर आहे का, तेही पाहा.

पुणेकरांना पी-१, पी-२ म्हणजे सम-विषम तारखांचं पार्किंग माहीत आहेच. आज या बाजूला, उद्या त्या. त्यात दोन्ही बाजू गाड्यांसाठी राखून ठेवाव्या लागतात, म्हणून नव्या आखणीत ते शक्यतो मोडीत काढा आणि गाड्यांची बाजू कायमची ठरवा. मात्र यासाठी वाहतूक पोलिसांची अधिसूचना लागते, सोसायटीने रंगवलेल्या पाटीला कायद्यात किंमत नाही. 'पाहुण्यांसाठी राखीव' अशी पाटी सार्वजनिक रस्त्यावर लावणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

स्पीडब्रेकर मागितला तर लगेच होईल का?

लगेच होतो, म्हणूनच सगळे तोच मागतात. आणि तो बहुतेक वेळा चुकीचा होतो. आयआरसी ९९ मधला गोलाकार स्पीडब्रेकर काही मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. गल्लीत रात्रीतून उगवतो तो हातभर रुंदीचा डांबराचा उंचवटा, ज्यावर मणक्याचे रुग्ण आणि गरोदर बायका कळवळतात आणि बाईकवाली पोरं बाजूच्या फटीतून तशीच निघून जातात. पोलिसांच्या परवानगीशिवाय तो करता येत नाही, पुढे-मागे पट्टे आणि फलक लागतात.

वेग कमी करायचा असेल तर तोंडाशी गल्ली अरुंद करा. मुख्य रस्त्यावरून वळणारी गाडी जिथे आत शिरते तिथला कोपरा मोठ्या गोलाईने कापलेला असतो, म्हणून ती वेगात आत येते. कोपरा आवळला की वळायला ब्रेक मारावाच लागतो. आणि तिथेच फुटपाथच्या पातळीत रस्ता ओलांडायची जागा केली की एका दगडात दोन पक्षी.

फुटपाथ रुंद केला की फेरीवाले बसतील, मग काय उपयोग?

बसतील. ते आजही बसतात, फक्त रस्त्यात. ज्या भाजीवालीकडून तुम्ही रोज कोथिंबीर फुकट मागून घेता, तिला आराखड्यात जागा द्या. २०१४ चा पथविक्रेता कायदा तिला संरक्षण देतो. त्या कायद्याने स्थापन होणाऱ्या शहर फेरीवाला समितीत निदान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. 'सुशोभीकरण' म्हणून तिला हाकलता येत नाही, आणि हाकललंच तर दोन आठवड्यांनी ती आधीपेक्षा अडचणीच्या जागी परत येते. चालायच्या पट्ट्याबाहेर, पार्किंगच्या रांगेतली एका मोटारीएवढी जागा तोडून दिली तर तीत दोन हातगाड्या बसतात. यावर बैठकीत मोठा वाद होईल, होऊ द्या.

झाड मध्ये येतंय. काढता येईल?

फुटपाथ वळवा. १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाडाला हात लावता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जास्त संरक्षण आहे. काम करताना बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतू देऊ नका. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं, तो दाखला हाताशी ठेवा. एस्टिमेटमध्ये 'आळं' ही बाब वेगळी लिहून घ्या. लिहिलेलं नसलं की मिस्त्री मोकळी जागा दिसली म्हणून भरून टाकतो.

रस्ता नवा झाला की पाणी आमच्या पार्किंगमध्ये येतं. याचं काय?

हा सगळ्यांत रास्त राग आहे. डांबरावर डांबर चढत जातं, दर खेपेला रस्ता दोन-तीन इंच उंच होतो, आणि ज्या इमारतीच्या तीन पायऱ्या होत्या तिची एक उरते. मग पाणी उलटं आत. आखणीच्या कागदावर रस्त्याची तयार पातळी लिहिलेली असलीच पाहिजे, आणि ती तुमच्या जोत्याच्या खाली हवी. जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा टाकायचा नाही, ही अट लेखी घ्या. पेंटने प्रत्येक फाटकाच्या खांबावर आजच्या रस्त्याची रेघ मारून ठेवा आणि फोटो काढा. काम झाल्यावर रेघ डांबराखाली गेली असेल तर वाद घालावा लागत नाही.

पावसाळी गटाराची जाळी नेमकी पाणी साठतं तिथे हवी. ते कुठे साठतं हे अभियंत्याला जूनमधल्या फोटोवरून कळतं, जानेवारीतल्या भेटीत नाही. तेव्हा फोटो आत्तापासून जमवा.

गणपतीच्या मांडवाचं काय?

चांगला प्रश्न, आणि तो विचारला नाही तर मंडळाचे कार्यकर्ते काम सुरू झाल्यावर विचारतील. मांडवासाठी ब्लॉक उकरून खड्डे होतात, दहा दिवसांनी ते तसेच राहतात. मांडव कुठे पडतो, मिरवणुकीचा ट्रॅक्टर कुठून वळतो, कमान किती उंच, हे मंडळाकडूनच नकाशावर मांडून घ्या. खांबांच्या ठिकाणी जमिनीत झाकणाचे पाईप बसवले की दरवर्षी उकरायला नको. कार्यकर्ते एकदा या कामात आले की बाकी गल्ली जमवायची चिंता मिटते.

रुग्णवाहिका आणि बंब आत येईल ना?

हे गृहीत धरू नका, अग्निशमन दलाला नकाशा दाखवून लेखी घ्या. अडचण सहसा रुंदीत नसते, कोपऱ्यावर वळताना असते. शक्य असेल तर कोपऱ्यावर खडूने रेघा मारून गाडी एकदा फिरवूनच पाहा. आज बंब अडकतो तो दोन्ही बाजूंना लावलेल्या मोटारींमुळे, हेही त्या निमित्ताने सगळ्यांना दिसतं.

फुटपाथवर दुचाकी चढू नये म्हणून खांबे लावावेत का?

लावा, पण ज्या फटीतून व्हीलचेअर जाते त्यातून स्कूटरही जाते. याला पक्कं उत्तर नाही. फट इतकी लहान केली की दुचाकी अडेल, तर अपंग माणूसही अडतो, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते मान्य नाही. चौकात गर्दीच्या वेळी पोलीस उभा राहिला तरच हे थांबतं.

आधी करून बघता येईल का? एकदम सिमेंट ओतायची भीती वाटते.

करून बघाच. रंग, शंकू, बॅरिकेड, कुंड्या एवढ्यात आठवडाभर नवी आखणी उभी करता येते. औंधच्या डीपी रस्त्यावर २०१६ मध्ये तात्पुरते अडथळे लावून रुंद पदपथाची चाचणी केली होती, मग पक्कं काम आलं. त्यावर दुकानदारांनी आणि गाडीवाल्यांनी कमी आरडाओरडा केला नाही. लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून वाहनांना बंद ठेवतात. एका दिवसाने वाहतूक बदलत नाही, पण रस्ता मोकळा असला तर कसा दिसतो हे हजारो लोकांनी पायांनी पाहिलं.

चाचणी लोकांना सांगून करा. बार्सिलोनात २०१६ मध्ये पोब्लेनोऊ भागात रस्ते असेच झटपट बदलले, तेव्हा विश्वासात घेतलं नाही म्हणून रहिवासीच विरोधात उभे राहिले. आखणी वाईट नव्हती. आज तोच भाग जगभरचे लोक पाहायला जातात.

दोन शेजाऱ्यांचा ठाम विरोध आहे. सगळ्यांची संमती लागते का?

कायद्याने नाही, सार्वजनिक रस्ता आहे. व्यवहारात मात्र एक चिडलेला माणूस रोज एक तक्रार टाकून काम दोन महिने लांबवू शकतो. त्याच्या घरी जा, चहा घ्या, त्याच्या फाटकासमोरचं माप त्याच्यादेखत मोजा. बऱ्याचदा विरोध आखणीला नसतो, "मला कुणी विचारलं नाही" याला असतो. कधीकधी विरोध खरा असतो, घरात आजारी माणूस आहे, गाडी दाराशीच लागते. तसं असेल तर आखणी बदला. आणि कुंपण बाहेर काढलंय म्हणून विरोध असेल तर तो कुणाच्या चहाने मिटत नाही, तिथे महापालिकेने मोजणी करावी आणि तुम्ही मध्ये पडू नये.

काम सुरू झालं की आमचं काम संपलं ना?

उलट. कार्यादेशाची प्रत मागा. दिली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांत, तीस दिवसांत मिळते. एस्टिमेट, मंजूर नकाशा, ठेकेदाराचं नाव, मुदत आणि दोषदायित्व कालावधी किती, हे पाहा. त्या कालावधीत ब्लॉक खचला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. हे कुणी मागत नाही, म्हणून तो करत नाही. ब्लॉकखाली वाळूचा थर आणि त्याखालचं दाबकाम झाकलं जाण्याआधी फोटो घ्या. शेवटी मोजमाप पुस्तिकेतल्या, म्हणजे झालेल्या कामाची मापं अभियंता जिथे लिहितो तिथल्या, नोंदी तुमच्या वहीशी ताडून बघा.

महावितरण, गॅस आणि इंटरनेटवाल्यांना काम सुरू होण्याआधीच पत्र द्या: जे टाकायचं ते आत्ता टाका. तरी कुणीतरी नंतर येऊन खोदेल. रिकामे पाईप आधीच टाकून ठेवले असतील तर त्याला खोदायची गरज उरत नाही.

आमच्या गल्लीत दोन इमारती पुनर्विकासाला जाणार आहेत. थांबावं का?

पक्क्या फरसबंदीसाठी थांबा. काँक्रीटचे मिक्सर आणि राडारोड्याचे डंपर दोन वर्षं जाणार असतील तर नवा फुटपाथ टिकणार नाही. आखणी आणि रंगकाम मात्र करून घ्या. आणि रस्तारुंदीचा विषय तपासा. २०२० मध्ये महापालिकेत ३२३ रस्ते ६ मीटरवरून ९ करण्याचा प्रस्ताव आला होता. तुमचा त्यात आहे का हे बांधकाम विभागात विचारा, कारण मग आजची भिंत उद्या दीड मीटर मागे जाऊ शकते.

आमच्याकडे कार्यादेश निघाला, ठेकेदाराने ब्लॉकची थप्पीही आणून टाकली. आता काहीच होणार नाही?

मोठं काही नाही. पण त्याच रकमेत, त्याच बाबींमध्ये जे बसतं ते अजून बदलतं. जेईला उद्या सकाळी जागेवर बोलवा आणि पाच गोष्टी मागा: फुटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या आत, फाटकांपाशी सलग पातळी, झाडाला आळं, कोपऱ्यावर व्हीलचेअरचा उतार (१२ ला १ पेक्षा उभा नको), आणि जुना थर खरवडणं. पहिल्या चारांना जास्तीचे पैसे जवळजवळ लागत नाहीत. पाचवी एस्टिमेटमध्ये नसेल तर उपअभियंत्याकडे त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मिस्त्रीशीही बोला. त्याला नकाशा क्वचितच कुणी दाखवलेला असतो, आणि लेव्हल तोच लावतो.